परतीचा रकाना

आयुष्यातला पहिला तंबू मी दिल्लीत, मुनिरक्यात उभा केला. घरमालकाच्या गच्चीवर, पाण्याच्या काळ्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी यांच्या मधल्या जागेत. पुढच्या आठवड्यात आमच्या एमएस्सीच्या वर्गाचा जंगलातला पहिला सर्व्हे होता. तंबू वगैरे बाकीच्या सगळ्यांना येतं, आपल्यालाच येत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती. म्हणून विभागातून सही करून तंबू आणला आणि सराव सुरू केला. गच्चीत खुंट्या ठोकता येईनात, तेव्हा दोऱ्या चार विटांना बांधल्या. घरमालकीण लोणच्याची बरणी उन्हात ठेवायला वर आली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छोरी, कमरा छोटा पड़ गया के?"

खोली लहान होतीच. तिघीजणी राहायचो. मी तंबू मोडून पुन्हा उभारला. आठ दिवसांत वीसेक वेळा तरी उभारला असेन. सर्व्हेला गेल्यावर कळलं की वर्गात निम्म्या जणांनी तंबू फक्त फोटोत पाहिला होता. तिथे पहिला उभा राहिलेला तंबू माझा होता.

हे आधी सांगितलं, कारण मी अशीच आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कुणाला काय विचारायचं हेच कळत नसे, म्हणून न विचारता सराव करत बसायचं.

बाबा दिल्लीत एका सरकारी कार्यालयात दफ्तरी आहेत. फायली शिवायच्या, क्रमाने लावायच्या, या खोलीतून त्या खोलीत न्यायच्या. लग्नाआधी विदर्भातून आले ते इथेच राहिले. फरीदाबादला सरकारी क्वार्टर मिळालं, आणि गेली तीस वर्षं ते सकाळची शटल ट्रेन पकडून जातात आणि संध्याकाळच्या शटलने येतात. ज्या टेबलांवर ते फायली ठेवतात, त्यातल्या एखाद्या टेबलामागे मी बसावं, एवढीच त्यांची इच्छा. सरकारी नोकरीच्या परीक्षेचा फॉर्मही त्यांनी स्वतः भरून आणला होता. फोटो चिकटवलेला, फक्त माझी सही बाकी.

आणि मला त्याच महिन्यात मॅडमनी विचारलं होतं. या मॅडम म्हणजे आमचा सर्व्हे चालवणाऱ्या संशोधक. हिमाचलातल्या एका राष्ट्रीय उद्यानात त्यांचं दोन वर्षांचं काम निघालं होतं. वर्षातले सहा महिने तिथल्या कॅम्पग्राउंडवर राहायचं, बर्फाच्या रेषेखाली झाडांची नवी रोपं कुठे तग धरतात ते मोजायचं, ओढ्याची पातळी लिहायची. "तुला जमेल. घरी बोल आणि सोमवारपर्यंत सांग," असं त्या म्हणाल्या होत्या.

मला जमेल हे मलाही माहीत होतं. घरी बोलणं जमत नव्हतं. बाबांच्या 'हो'शिवाय मी गेलेही असते कदाचित, पण सहा महिने त्या मुक्कामात ते मनाला टोचत राहिलं असतं. शिवाय एक खोटं मी आधीच बोलले होते. मागच्या उन्हाळ्यात चाळीस दिवस मी तिथेच होते, तेव्हा घरी सांगितलं होतं की आम्ही रेस्ट हाऊसमध्ये राहतो. पलंग आहे, कडी आहे, चौकीदार आहे.

मग मी ठरवलं की बोलण्यापेक्षा दाखवावं. बाबांची रजा शिल्लक होती. आईने आयुष्यात डोंगर पाहिला नव्हता. गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघं काश्मिरी गेटहून बसमध्ये बसलो.

सकाळी बसमधून उतरून जीप, आणि जीप थांबली तिथून तीन तास चाल. आई पुढे, बाबा मागे, माझ्या पाठीवर तंबू. बाबा छत्री घेऊन निघाले होते, ऑफिसला नेतात तीच. देवदारांची सावली संपली आणि एकदम ते हिरवं कुरण समोर आलं. एका बाजूला नदीचा आवाज, वर बर्फाचे पट्टे, मध्ये तंबूंसाठी सपाट केलेल्या चार जागा आणि वनरक्षकाची लाकडी खोली. दुसरं काही नाही. मला दर वेळी वाटतं तसंच वाटलं, आपल्या घरी आल्यासारखं.

बाबांनी सगळीकडे नजर फिरवली.

"हेच का तुझं रेस्ट हाऊस?"

मी खाली बघितलं. "हो."

"पलंग कुठंय?"

"बाबा..."

"आणि कडी? ती त्या चेनला लावता का?" ते तंबूच्या पिशवीकडे बोट दाखवत होते.

आई मध्ये पडली. "अहो, आधी बसा तरी. श्वास बघा कसा लागलाय. आल्या आल्या इन्स्पेक्शन कशाला?"

बाबा दगडावर बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी तंबू उभारला, दहा-बारा मिनिटांत, आणि मनात येत होतं की त्यांनी एकदा तरी बघावं. ते नदीकडे बघत होते.

वनरक्षक काका पन्नाशीचे, त्याच खोऱ्यातले. त्यांनी खोलीतून मोठं जाड रजिस्टर आणलं. नाव, गाव, कुठे चाललात, जाण्याची वेळ, परतण्याची वेळ, सही. कॅम्पग्राउंड सोडून कुठेही जायचं तर आधी लिहायचं आणि आल्यावर पुन्हा लिहायचं. काकांनी बाबांना समजावलं, "भाईसाहब, शाम को मैं यही देखता हूँ. जिसका लौटना नहीं लिखा, उसे ढूँढने निकलता हूँ. बस यही एक काम पक्का है यहाँ."

बाबांनी रजिस्टर हातात घेतलं, शिवण बघितली, पानांचे नंबर बघितले. "अच्छा रखा है," म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं पहिलं चांगलं वाक्य.

संध्याकाळी आईने दशम्या काढल्या. दुधात भिजवलेल्या, प्रवासासाठी खास केलेल्या. लसणाची चटणी, गूळ. छोट्या गॅसवर मी चहा केला. आईला सगळ्याचंच नवल. पाणी इतकं गार कसं, हा पक्षी कुठला, तंबूत झोपलं की जमीन ऐकू येते का. बाबांनी विचारलं ते एवढंच:

"झाडं मोजायला एमएस्सी लागते?"

"मोजायला नाही लागत. कुठे मोजायचं आणि का, ते ठरवायला लागते."

"आणि दोन वर्षांनी काय? झाडं संपली की?"

याचं उत्तर मी पाठ केलेलं होतं. पण ऐन वेळी तोंडातून निघालं ते "बघू." बाबांनी मान हलवली, म्हणजे त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, जाते आहेस तर मोजणीसाठी आखलेल्या चार चौकटींतली रोपं मोजून ये आणि ओढ्याची पातळी लिही. आई बरोबर आली. बाबा म्हणाले, "तुम्ही जा. मी इथे बसतो निवांत." आम्ही दोघींनी रजिस्टरात लिहिलं आणि वरच्या उतारावर गेलो. आईने चौकटीची दोरी धरली, मी मोजत गेले. बोटभर उंचीची भोजपत्राची रोपं तिला आधी दिसेनात, मग मला दिसायच्या आधी तिलाच दिसायला लागली. "इथं एक आहे बघ. हे बघ, दगडाच्या आडोशाला." मला वाटलं, निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं खाली बसलंय.

एकच्या पुढे आम्ही परतलो तेव्हा बाबा तंबूत नव्हते. दगडावर नव्हते. नदीपाशी नव्हते. चपला तंबूच्या दाराशी होत्या, बूट नव्हते, छत्री नव्हती.

आई म्हणाली, "असतील इकडेतिकडे. माणूस दिसला की गप्पा मारत बसतात."

इथे माणूस कोण दिसणार? मी काकांच्या खोलीकडे गेले. काका बाहेरच बसून दोरी वळत होते. त्यांनी शांतपणे रजिस्टर उघडून दाखवलं. बाबांचं नाव. जाण्याची वेळ दहा. परतण्याची वेळ एक. पुढे सही, ती लांब शेपटीची, जी माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आहे.

"आ गए हैं बिटिया. लिखा है."

"आपने देखा आते हुए?"

काका थांबले. "मैं तो बारह बजे गाँव से ऊपर आया, तब से यहीं हूँ. देखा तो नहीं. पर लिखा है ना."

मी ती ओळ पुन्हा वाचली. दहा आणि एक, दोन्ही एकाच हाताने, एकाच जोराने, एका ओळीत अगदी सरळ. तीन तास डोंगरात फिरून आलेला माणूस इतकं सरळ लिहीत नाही. मागून आई आली, तिने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, सकाळीच केलीय ही सही! ऑफिसातली सवय!"

मी सात-आठ वर्षांची असताना एकदा बाबांबरोबर त्यांच्या ऑफिसात गेले होते. सकाळी हजेरीचं रजिस्टर आलं, तसं एकेकाने येण्याची सही केली आणि लगेच शेजारी जाण्याचीही. संध्याकाळी रजिस्टर साहेबांच्या खोलीत बंद व्हायचं आणि शटल कुणासाठी थांबायची नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून पाडलेली ती पद्धत. मी विचारलं होतं, "बाबा, अजून संध्याकाळ कुठे झाली?" आणि अख्खा सेक्शन हसला होता. पुढे अंगठ्याची मशीनं आली, ती रजिस्टरं गेली. हात मात्र तोच राहिला. जेवायला एकला परत यायचं असं त्यांनी मनात ठरवलं आणि लिहून टाकलं. परत यायच्या आधीच.

म्हणजे संध्याकाळ झाली तरी त्यांना शोधायला कुणी निघालंच नसतं.

मला भीती वाटली, हे लपवत नाही. पण ती फार वेळ टिकली नाही, कारण काय करायचं ते मला माहीत होतं. तिथून वाटा दोनच निघतात. एक खाली गावाकडे. त्या वाटेने काका बारा वाजता वर आले होते, बाबा तिकडे असते तर भेटले असते. दुसरी वाट ओढा ओलांडून पलीकडच्या फुलांच्या कुरणात जाते. आणि या ओढ्याची पातळी मागच्या उन्हाळ्यात चाळीस दिवस, रोज तीन वेळा, मीच लिहिली होती. सकाळी तो घोट्याएवढा असतो. वर बर्फावर ऊन पडलं की ते पाणी दुपारी खाली पोचतं, आणि दोन वाजता त्याच ओढ्यात मोठा माणूस उभा राहू शकत नाही.

"काका, आप रस्सी लेकर नीचे वाले किनारे पर आइए," मी म्हटलं. "आई, तू इथेच थांब. ते दुसऱ्या कुठल्या वाटेने आले तर कुणीतरी हवं."

काकांनी काहीच विचारलं नाही, दोरी खांद्यावर टाकून निघाले. आईने माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं आणि रजिस्टरजवळ बसली, जणू तेच राखायचं होतं.

ओढ्याशी पोचलो तेव्हा बाबा समोरच होते, पलीकडच्या काठावर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बुटांच्या नाड्या बांधून बूट गळ्यात अडकवलेले, छत्री काठीसारखी धरलेली, आणि एक पाय पाण्यात. पाणी पांढरं होऊन धावत होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडले. त्या आवाजात मलाच माझं ऐकू आलं नाही.

फरीदाबाद स्टेशनवर, मी लहान असताना, संध्याकाळी आई मला घेऊन बाबांना आणायला जायची. बाबा समोरच्या फलाटावर उतरायचे आणि मी रूळ ओलांडून धावत सुटेन म्हणून तिथूनच दोन्ही तळहात पुढे करून दाबायचे. थांब. तिथेच थांब. मी येतो.

मी दोन्ही हात पुढे केले आणि तळवे खाली दाबले.

बाबांनी बघितलं. पाय पाण्यातून काढला. मी बोटाने वरची दिशा दाखवली, अर्धा गोल काढून दाखवला, छातीवर हात ठेवला: मी येते. ते मागच्या खडकावर जाऊन बसले आणि त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली, शटलची वाट बघत बसतात तशी.

वरच्या अंगाला दोन ओंडक्यांचा पूल आहे. तिथून फिरून यायला मला चाळीस मिनिटं लागली. काका सगळा वेळ समोरच्या काठावर दोरी घेऊन उभे होते, बाबांकडे नजर लावून.

मी पोचले तेव्हा बाबांनी आधी बूट घातले, मग बोलले.

"सकाळी इथं चांगला उतार होता गं. घोटासुद्धा बुडला नाही. पाऊस नाही, काही नाही, कुठून आलं एवढं पाणी?"

उतार. पाणी ओलांडायच्या जागेला हा शब्द आहे हे मला तिथे कळलं. मी इतके दिवस वहीत 'क्रॉसिंग' लिहीत होते. मी त्यांना वरचे बर्फाचे पट्टे दाखवले, ऊन कुठे पडतं ते दाखवलं, पाणी पोचायला किती तास लागतात ते सांगितलं. बोलताना मी अडखळले नाही.

"म्हणजे आता कधी उतरणार?"

"पहाटेपर्यंत. आपण पुलावरून जाऊ."

थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "मी हरवलो हे तुला कळलं कसं?"

"तुम्ही एक वाजता परत आला होतात ना, म्हणून."

बाबा थांबले. कळायला एक क्षण लागला. मग त्यांचे कान लाल झाले. बाबांना शरमलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पुढे पुलापर्यंत ते माझ्या मागून चालले. ओंडक्यांवर मी मागे हात केला, त्यांनी धरला.

खाली पोचल्यावर आई म्हणाली, "आलात? या. रजिस्टरात तर केव्हाचेच जेवून बसलायत." काका हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि काकांकडे रजिस्टर मागितलं. आपल्या ओळीतला 'एक' त्यांनी एका सरळ रेघेने खोडला, आतला आकडा वाचता येईल असा, शेजारी छोटी सही केली, आणि खरी वेळ लिहिली: तीन पन्नास.

"काट के दस्तख़त करना पड़ता है," ते काकांना म्हणाले. "मिटाते नहीं हैं."

मग विचारलं, "पिछले साल वाला रजिस्टर है?"

काकांनी फळीवरून काढून दिलं. बाबा उंबऱ्यावर बसले, चष्मा लावला आणि पानं उलटू लागले. मी काय शोधताय असं विचारलं नाही. मला माझं खोटं आठवत होतं. त्या पानांवर चाळीस दिवस माझं नाव होतं आणि रेस्ट हाऊस कुठेच नव्हतं.

त्यांची बोटं माझ्या नावावर थांबत गेली. जाण्याची वेळ निळ्या शाईत, परतण्याची कधी काळ्या, कधी पेन्सिलने. सकाळचं अक्षर नीट, संध्याकाळचं गारठलेल्या बोटांचं, वेडंवाकडं. एका ठिकाणी पाण्याचा थेंब पडून आकडा पसरला होता. त्या दिवशी धो धो पाऊस होता, मला आठवतंय. बाबा एकेक पान बघत होते. तीस वर्षं ज्यांनी हजेरीची रजिस्टरं वाहिली आणि त्यातल्या निम्म्या सह्या कशा झाल्या ते बघितलं, त्यांना त्या पानांतून काय कळलं असेल ते मी सांगू शकत नाही. पण एका पानावर ते फार वेळ थांबले. मग आईला बोलावलं.

"ऐकलंस का? हे बघ. ही रोज परत आल्यावरच लिहायची."

"मग कधी लिहिणार?" आई म्हणाली.

"तुला नाही कळायचं."

त्यांनी रजिस्टर मिटलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"रेस्ट हाऊसचं खोटं बोललीस."

"हो. चुकलं."

"पुन्हा सांगायचं तर जे आहे तेच सांगायचं. तंबू तर तंबू."

"हो."

"आणि तो फॉर्म... दोन वर्षांनी पुन्हा निघतो. वयात बसतेस तू. मी बघितलंय." ते उठले आणि छत्री भिंतीला टेकवून ठेवली. "सोमवारी तुझ्या मॅडमना फोन कर."

आईने माझ्या पाठीवर चापट मारली आणि ती म्हणाली, "आता रडू नकोस, चहा ठेव. सकाळपासून उपाशी आहेत ते."

रविवारी उतरायच्या आधी सकाळी ओढ्याची पातळी लिहायला जायचं होतं. मी बूट घालत होते तेवढ्यात बाबा येऊन उभे राहिले, बूट घालून, छत्री न घेता. आम्ही काकांच्या खोलीपाशी गेलो. मी माझी ओळ लिहिली आणि पेन त्यांना दिलं. त्यांनी नाव लिहिलं, फरीदाबाद लिहिलं, जाण्याची वेळ लिहिली. हात सवयीने पुढच्या रकान्यावर गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.

"चल," ते म्हणाले. "आल्यावर लिहू."